मुरुडचा रघुनाथ : जे शंभर वर्षांपूर्वी मागितलं, ते आज उपकेंद्रात फुकट मिळतं

दापोली : मुरुड म्हटलं की लोकांना महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. विधवेशी लग्न करणारे, स्त्रियांसाठी शाळा आणि पुढे विद्यापीठ काढणारे अण्णा. भारतरत्न मिळालेला आपल्या तालुक्याचा माणूस. पण याच घरातला थोरला मुलगा रघुनाथ फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. आला तरी आवाज खाली करून येतो. कारण या माणसाने आयुष्यभर जो विषय धरला, तो आजही चारचौघांत काढला की माणसं इकडेतिकडे बघायला लागतात. मूल कधी व्हावं, किती व्हावीत आणि नको असेल तर काय करावं, हा तो विषय. १४ ऑक्टोबर हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्ताने त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

आठ वर्षांची नवरी

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. आईचं नाव राधाबाई. अण्णांशी लग्न झालं तेव्हा राधाबाई आठेक वर्षांच्या होत्या आणि अण्णा चौदा-पंधरा वर्षांचे. त्या काळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कोकणात काय नि देशावर काय, सगळीकडे हेच चालायचं. मुलगी परकर नेसायच्या वयात सासरी जायची आणि शहाणी झाली की वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलायचा. रघुनाथ झाला तेव्हा राधाबाईंचं वय सतरा-अठरा असेल. १८९१ मध्ये राधाबाई वारल्या, तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती. रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

त्याच १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला आणि मुलीच्या शरीरसंबंधाचं वय दहावरून बारावर आणलं. एवढ्यावरूनसुद्धा महाराष्ट्रात केवढं रण माजलं होतं. बारा हे वयसुद्धा लोकांना जास्त वाटत होतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे रघुनाथरावांनी पुढे काय अंगावर घेतलं याचा अंदाज येतो.

१८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. या लग्नामुळे मुरुडच्या गावकऱ्यांनी अण्णांना वाळीत टाकलं. आपल्या गावात आपल्याच बापाला पंगतीत जागा नाही, हे अकरा वर्षांच्या रघुनाथने पाहिलं. बरोबर वाटतं ते करायचं आणि त्याची किंमत मोजायची, हा धडा त्याला घरातच मिळाला.

गणिताचा प्रोफेसर

रघुनाथ अभ्यासात हुशार. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाला. विषय गणित. पुढे कॉलेजात गणित शिकवायची नोकरी मिळाली. १९१९ मध्ये गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा चांगली येत होती. लैंगिक विषयावर युरोपात जे शास्त्रीय लिखाण होत होतं, ते त्यांनी वाचलं. तिकडे डॉक्टर आणि विचारवंत या गोष्टींवर उघड बोलत होते. विरोध तिकडेही होताच. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला संततिनियमनाचं केंद्र उघडलं, ते पोलिसांनी काही दिवसांत बंद पाडलं होतं.

परत आल्यावर रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. देशातलं हे पहिलं केंद्र. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी इंग्लंडमधलं पहिलं केंद्र काढलं होतं. म्हणजे जगात जिथे कुठे हे काम सुरू होत होतं, तिथे मुरुडचा हा माणूस मागे नव्हता. फरक एवढाच की त्याच्या पाठीशी ना पैसा होता, ना संस्था. जोडीला होत्या पत्नी मालतीबाई. आपल्याला मूल नको, असं या दोघांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं. लोकांना सांगायचं एक आणि घरात वागायचं दुसरं, असा प्रकार तिथे नव्हता.

नोकरी गेली

१९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. रबरी टोपी, निरोध, औषधी गोळ्या, स्पंज अशी त्या वेळी जी साधनं होती, ती कशी वापरायची, कुठलं कितपत भरवशाचं, हे त्यांनी साध्या मराठीत लिहिलं. पाळणा लांबवायला अंगारा, गंडा किंवा सुईणीचं औषध यापलीकडे बायकांना काही माहीत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. गुप्तरोगांवरही त्यांनी लिहिलं. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग घरातल्या बाईला होतो आणि ती तोंडातून शब्द न काढता सोसते, यावर तेव्हा कुणी बोलायला तयार नव्हतं.

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. प्रोफेसरने वर्गात गणित शिकवावं आणि बाहेर असलं काही करू नये, असं चालकांचं मत पडलं. काम सोडा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. रघुनाथरावांनी नोकरी सोडली. चांगल्या पगाराची, मानाची नोकरी होती. त्यानंतर त्यांच्या घरात पैशाची चणचण कायम राहिली.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. एका बाजूला सनातनी हिंदू त्यांच्यावर चिडलेले. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरीही नाराज. राष्ट्रीय चळवळीतले लोक म्हणायचे, आधी स्वराज्य. आणि महात्मा गांधींना तर साधनं वापरून संततिनियमन करणं मान्यच नव्हतं, त्यांचा भर संयमावर. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर मुद्दाम वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, बरीच चर्चा झाली, पण गांधीजी आपल्या मतावर ठाम राहिले. रघुनाथरावांनी गांधीजींच्या या मतावर कडक टीका केली. संयमाचा उपदेश पुरुषाला सोपा असतो, दिवस जातात ते बाईला, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे त्यांना जवळचं म्हणावं असं कुणी उरलं नाही.

समाजस्वास्थ्य

१५ जुलै १९२७ ला त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. संपादक तेच, लेखक बरेचदा तेच, मुद्रितं तपासणारेही तेच. मासिक तोट्यात चालायचं, पण त्यांनी ते मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, त्यामुळे लोक मासिक लपवून घरी न्यायचे. शरीराची लाज वाटायचं कारण नाही, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते मुखपृष्ठापासूनच सांगायचे.

मासिकाचा खरा जीव होता वाचकांच्या पत्रांत. लोक आपले प्रश्न लिहून पाठवायचे. जे बापाला, भावाला, डॉक्टरला विचारता येत नाही ते या मासिकाला विचारायचे. रघुनाथराव कुणाची टिंगल न करता, उपदेश न करता, सरळ शास्त्रीय उत्तर द्यायचे. लग्न झालंय की नाही, याच्याशी त्यांनी माहितीचा संबंध जोडला नाही. ज्याला शरीर आहे त्याला त्याची माहिती हवी, एवढाच त्यांचा हिशोब. तरुण पोरापोरींना अंधारात ठेवलं म्हणजे ती शहाणी राहतात, हा समज त्यांना खुळचट वाटायचा. अंधारात ठेवलेली मुलगी फसते आणि मग तिलाच बदनाम करतात, असं ते लिहीत राहिले.

बाईलाही सुखाचा हक्क आहे, ही गोष्ट तर त्या काळात कुणी ऐकूनही घेत नव्हतं. रघुनाथरावांनी ती छापली. त्यांच्या कामाचा पायाच तो होता. देशाची लोकसंख्या फार झाली म्हणून बायकांनी साधनं वापरावीत, एवढंच त्यांना म्हणायचं नव्हतं. बाईचं शरीर बाईचं आहे, मूल हवं की नको ते तिने ठरवावं, ही सुरुवात. बाकी फायदे नंतर.

कोर्टात बाबासाहेब

असं लिखाण करणाऱ्यावर खटला होणार हे ठरलेलंच होतं. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड बसला. हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

१९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सोबत असफअली फैजी. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. दापोली-मंडणगडच्या या दोन घरांतली माणसं मुंबईच्या कोर्टात एका बाजूला उभी होती, ही आपल्या भागाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. मासिक जर लैंगिक शिक्षणाचंच आहे, तर त्यात त्याच विषयाचे प्रश्न येणार आणि त्यांना उत्तरं देणं हे संपादकाचं काम. विषय लैंगिक आहे म्हणून ते लिखाण अश्लील ठरत नाही. कोर्टाला ते पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. रघुनाथरावांनी दंड भरला आणि मासिक चालू ठेवलं.

साधनं सरकारने द्यावीत

रघुनाथरावांच्या कामाची एक मर्यादा होती. साधनं बहुतेक परदेशातून यायची, त्यामुळे महाग. मुंबईतला शिकलेला कारकून एखादवेळेस घेऊ शकायचा. गिरणीतल्या कामगाराला किंवा आपल्याकडच्या कुळाच्या बायकोला ते शक्य नव्हतं. एकटा माणूस एका केंद्रातून किती जणांना पुरणार?

हा पुढचा टप्पा बाबासाहेबांनी मांडला. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी एक ठराव आणला. सरकारने संततिनियमनाचा जोरात प्रचार करावा आणि लोकांना त्याच्या सोयी पुरेशा उपलब्ध करून द्याव्यात, असा तो ठराव. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. वारंवारच्या बाळंतपणाने बाईच्या आरोग्याची काय दशा होते, गरिबाचं घर कसं बुडतं, हे त्यात होतं. ठराव मोठ्या फरकाने पडला. तोवर म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी दवाखान्यात अशी केंद्रं काढली होती. जे संस्थानाला जमलं ते मुंबई इलाख्याला जमलं नाही.

रघुनाथरावांचं काम पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे यांचं नाव आधी घ्यावं लागेल. त्या रँग्लर परांजप्यांची मुलगी. रँग्लर मूळचे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे आणि अण्णा कर्व्यांच्या नात्यातले. केंब्रिजला गणित शिकलेल्या शकुंतलाबाईंनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये लिहिलं, पुण्यात केंद्र चालवलं, खेड्यापाड्यांत बायकांशी बोलल्या. पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, तिथेही हा विषय लावून धरला. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

शेवट

स्वराज्य आलं. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. पण सुरुवातीला आरोग्य खात्याचा भर साधनांवर नव्हता, महिन्यातले सुरक्षित दिवस मोजण्यावर होता. ज्यांनी तीस वर्षं साधनांचा प्रचार केला, त्या रघुनाथरावांना या कामात सरकारने कुठे मानाने बोलावलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. वय एकाहत्तर. ‘समाजस्वास्थ्य’चा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला आणि तो शेवटचा ठरला. वडील अण्णा तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये अण्णांना भारतरत्न मिळालं, १९६२ पर्यंत ते जगले. बापाने विधवांच्या डोक्यावरचा कलंक पुसला, म्हणून सगळा देश त्यांच्या पाया पडला. मुलाने बायकांना बाळंतपणाच्या फेऱ्यातून सोडवायचा मार्ग दाखवला, तर त्याच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या. पुढे य. दि. फडके यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला, ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं नाटकही रंगभूमीवर आलं. तेव्हा कुठे नव्या पिढीला हे नाव कळलं.

उपकेंद्रातली पेटी

रघुनाथरावांच्या पश्चात साधनं गावापर्यंत आली. १९६८ मध्ये सरकारने निरोध बाजारात आणला, पाच पैशाला एक. पण मधल्या काळात सरकार टार्गेटच्या मागे लागलं. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने लोकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. बाईने ठरवावं, ही रघुनाथरावांची सुरुवात होती. टार्गेटच्या नादात तीच मागे पडली.

आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात निरोध फुकट आहे. माला-एन गोळ्या फुकट, तांबी फुकट, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि आठवड्याची छाया गोळी फुकट. ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी आशाताईंकडे असते. १९२१ मध्ये ज्याच्यासाठी मुंबईला जावं लागलं असतं, ते आता गावात आहे.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींत सात ते आठ जणी आई झालेल्या किंवा पोटुशी होत्या. राधाबाईंचं वय आठवावं. आठवरून सतरा-अठरापर्यंत यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली आणि काही घरांत अजून तेही आलेलं नाही.

साधन मोफत आणि हाताशी असलं तर फरक पडतो, हे जगात दिसून आलं आहे. इंग्लंडमध्ये १९७४ पासून गर्भनिरोधक साधनं सरकारी आरोग्यसेवेत फुकट मिळतात. १९९९ नंतर त्याला शाळेतलं शिक्षण आणि तरुणांसाठीच्या दवाखान्यांची जोड दिली, तेव्हा अठराच्या आतल्या मुलींना दिवस जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २००९ पासून तांबीसारखी दीर्घकाळ चालणारी साधनं तरुणींना मोफत दिली. पाच-सहा वर्षांत किशोरींची बाळंतपणं जवळपास निम्म्यावर आली. इंग्लंडचा अनुभव तर हेच सांगतो की, नुसती पेटी भरून ठेवली म्हणजे काम झालं असं होत नाही. मुलीला माहिती पाहिजे आणि विचारायला गेल्यावर तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघता कामा नये.

आपल्याकडे गाडी अडते ती इथे. नव्या नवरीने पहिल्याच वर्षी गोळ्या मागितल्या तर सासूला कळेल ही भीती. लग्न न झालेल्या मुलीने विचारलं तर गावभर होईल ही भीती. अठराच्या आतली असली तर पोक्सोचा गुन्हा दाखल होईल म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत आणि मग पहिल्या तिमाहीतली तपासणीही राहून जाते. आशाताई गावातलीच, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी नणंद. तिच्याकडे मागायचं म्हणजे सगळ्या वाडीसमोर मागितल्यासारखं.

‘समाजस्वास्थ्य’ला लोक पत्रं पाठवायचे, कारण तिथे आपल्याला कुणी हसणार नाही एवढी खात्री असायची. शासनाने किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक सुरू केली, त्यामागेही हाच विचार आहे. मुलामुलींनी यावं, विचारावं, गोष्ट बाहेर जाणार नाही. हे क्लिनिक कुठल्या दिवशी, किती वाजता असतं, हे शाळा-कॉलेजच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहायला खर्च येत नाही. ग्रामसभेत एखाद्या बाईने साठा का संपला म्हणून विचारलं, तर इतरांनी खाली मान घालायचं कारण नाही. रघुनाथरावांनी यासाठी नोकरी घालवली, दोनदा दंड भरला. आता ते मागायला कुणाला नोकरी सोडावी लागत नाही. उपकेंद्रात जाऊन विचारावं लागतं, एवढंच.